नवरात्र, चरबी आणि झोपेची गोळी : लातूर जिल्ह्यातलं एक प्रकरण

रुग्ण ५८ वर्षांच्या बाई, लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहणाऱ्या. उंची १५२ सेंटिमीटर, वजन ८१ किलो. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर. मधुमेह सहा-सात वर्षांपासूनचा, त्यासाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू. पती हार्ट अटॅकने अचानक गेले तेव्हा त्यांची झोप उडाली आणि कुणीतरी अल्प्राझोलाम लिहून दिलं, थोडे दिवस घ्या म्हणून. ते थोडे दिवस सात वर्षं लांबले. आधी रात्री पाव मिलिग्रॅम, मग अर्धा, मग सकाळीही पाव. जुनी चिठ्ठी दाखवली की गोळ्यांची पट्टी मिळत राहिली. अल्प्राझोलाम शेड्यूल एच-१ मध्ये येतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही आणि विक्रीची नोंद दुकानदाराला तीन वर्षं जपून ठेवावी लागते. तरी खेड्यापाड्यात एकाच चिठ्ठीवर वर्षानुवर्षं गोळी चालते, हे या भागात काम करणाऱ्या कुणालाही नवीन नाही.

मी आहारतज्ज्ञ आहे, लातूरला एका मानसोपचारतज्ज्ञांसोबत काम करते. गोळी किती आणि कधी कमी करायची हे डॉक्टर ठरवतात. ताटात काय, कधी आणि गोळीच्या आधी की नंतर, हा माझा भाग. या मावशींचं प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण त्यात हे दोन्ही भाग एकमेकांत इतके अडकले होते की एक सोडून दुसरा समजलाच नसता. त्यांच्या आणि मुलाच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

गोळी आणि भाकरी एकाच दिवशी बंद

मुलगा पुण्याला कंपनीत नोकरीला. आईची गोळी सुटावी ही त्याची मनापासूनची इच्छा, आणि तो वाचणारा. वाचता वाचता त्याला २०२१ सालचा एक अभ्यास सापडला. दारू सोडण्यासाठी दाखल झालेल्या ३३ रुग्णांपैकी काहींना कीटो आहार दिला, म्हणजे भरपूर स्निग्ध पदार्थ आणि अगदी कमी पिष्टमय. पहिल्या आठवड्यात त्यांना शांत करणाऱ्या गोळ्या कमी लागल्या. अभ्यास खरा आहे. कीटो आहार फिट्सच्या आजारात १९२१ पासून वापरात आहे, हेही खरं. यावरून मुलाने अंदाज बांधला की आईची भाकरी बंद केली आणि तूप, पनीर, खोबरं, शेंगदाणे दिले तर झोपेची गोळीही सहज सुटेल.

अंदाज अगदीच निराधार नव्हता, पण दोन गोष्टी निसटल्या. तो अभ्यास दारूचा होता, अल्प्राझोलामचा नव्हता. आणि त्या रुग्णांना शांत करणाऱ्या गोळ्या गरजेप्रमाणे मिळत होत्या, दवाखान्यात, देखरेखीखाली. मावशींची गोळी आणि भाकरी मात्र मे महिन्यातल्या एका सोमवारी, घरीच, एकदम बंद झाली. ग्लिमेपिराइड चालूच राहिलं.

सोमवार, मंगळवार काहीच झालं नाही. मुलाला वाटलं, जमलं. बुधवारी रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास हात थरथरायला लागले, घाम फुटला, छातीत धडधड. घरात ग्लुकोमीटर होता म्हणून बरं. साखर ५८ निघाली. गुळाचं पाणी दिलं, पंधरा मिनिटांत थरथर निम्म्यावर आली, पण निम्म्यावरच थांबली. शुक्रवारी मावशींना भांड्यांचा आवाज सहन होईना. अंगावर मुंग्या फिरतायत असं वाटायला लागलं, आणि संध्याकाळी त्या गेलेल्या नवऱ्याला हाका मारायला लागल्या. तेव्हा मुलाने गाडी काढली.

नशिबाने फिट आली नाही. ती येऊ शकत होती. रोज घेतली जाणारी अल्प्राझोलामसारखी, बेन्झोडायझेपिन गटातली गोळी एकदम थांबवली तर फिट आणि भ्रम हे दोन्ही धोके असतात, आणि ते जिवावर बेतू शकतात. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०२० मध्ये या गटातल्या सगळ्या औषधांवरचा ठळक इशारा त्यासाठीच कडक केला. डॉक्टरांनी गोळी त्याच रात्री पुन्हा सुरू केली. फिजिशियनने ग्लिमेपिराइड थांबवलं, कारण पिष्टमय अन्न बंद असताना साखर खाली ढकलणारं औषध चालू ठेवणं म्हणजे संकटाला आवतण. दोन दिवसांत भ्रम गेला.

पहिले दोन दिवस शांत का गेले?

हा प्रश्न मुलाने विचारला आणि तो महत्त्वाचा आहे, कारण चरबीचा खरा संबंध इथे दिसतो. औषधाच्या माहितीपत्रकातले आकडेच बोलके आहेत. निरोगी माणसांत रक्तातलं अल्प्राझोलाम निम्म्यावर यायला सरासरी १०.६ तास लागतात. लठ्ठ माणसांत हीच सरासरी २१.८ तास आहे, आणि काहींमध्ये ती ४० तासांपर्यंत गेलेली आहे. वयस्क लोकांत सुमारे १६ तास. फॅटी लिव्हरमध्ये यकृताचं हे औषध मोडण्याचं काम मंदावू शकतं, ते वेगळंच.

म्हणजे सडसडीत तरुण माणसाने रविवारी रात्री शेवटची गोळी घेतली तर मंगळवारी रात्री तिचा जेमतेम पंचविसावा हिस्सा अंगात उरतो. मावशींसारख्या शरीरात त्याच वेळी पाचवा हिस्सा शिल्लक असतो. त्यांचा मेंदू दोन दिवस त्या उरलेल्या औषधावर चालला. गोळी सुटली असं जे वाटलं ते फक्त औषध उशिरा संपलं म्हणून. वजनदार माणसाने गोळी बंद केली आणि दोन दिवस काही झालं नाही, तर घरच्यांनी निर्धास्त होऊ नये. तिसरा ते पाचवा दिवस जास्त जपायचा असतो. लांब पल्ल्याच्या गोळीत तर ही मुदत आठवड्यावर जाते.

चरबी इथे काय करते? ही औषधं तेलातुपात विरघळणारी. ती रक्तातून चरबीत जातात, रक्तातली पातळी उतरली की चरबीतून परत रक्तात येतात. ही ये-जा सतत चालू असते. रांजण मोठा आणि तोटी तेवढीच बारीक असेल तर पाणी जास्त वेळ गळत राहतं, तसं शरीरातलं औषध संपायला वेळ लागतो. याच गटातल्या डायझेपाममध्ये ही गोष्ट आणखी ठळक दिसते. फिट थांबवायला शिरेतून दिलेल्या डायझेपामचा असर अर्ध्या तासाच्या आसपास ओसरतो, कारण ते मेंदूतून निघून स्नायूंत आणि चरबीत पसरतं. पण शरीरातून पूर्ण बाहेर पडायला त्याला कित्येक दिवस लागतात.

आता कुणी म्हणेल, मग चरबी जाळली की औषध लवकर बाहेर पडेल. घराघरात फिरणाऱ्या 'डिटॉक्स'च्या सल्ल्यांचा सगळा भर यावरच असतो. पण त्रास औषध अंगात असण्याने होत नाही. मेंदूत गाबा नावाचं शांत करणारं रसायन आहे, ही गोळी त्याचा परिणाम वाढवते. सात वर्षं रोज ही मदत मिळाल्यावर मेंदू स्वतःचा प्रतिसाद कमी करून घेतो. गोळी काढली की उघडी पडते ती ही कमतरता, आणि ती भरून यायला आठवडे-महिने लागतात. उद्या काही जादू होऊन मावशींच्या चरबीतला औषधाचा कण न् कण निघून गेला, तर त्रास कमी होण्याऐवजी वाढेल. चरबीतून हळूहळू उतरणारं औषध हा त्या काळात त्यांचा आधारच होता.

डायझेपामवर आणणं

आषाढाच्या सुमारास डॉक्टरांनी मावशींना टप्प्याटप्प्याने अल्प्राझोलामवरून डायझेपामवर आणलं. सकाळी ५, रात्री ५ मिलिग्रॅम. डायझेपाम शरीरात जास्त टिकतं, त्यामुळे दोन गोळ्यांच्या मधे चढउतार कमी, आणि २ मिलिग्रॅमची गोळी मिळत असल्याने लहान पायऱ्या पाडता येतात. सत्तरीच्या किंवा यकृताचा आजार बळावलेल्या रुग्णात डॉक्टर हे टाळतात, कारण औषध साचत जातं, गुंगी येते, पडून खुब्याचं हाड मोडतं. मावशींच्या बाबतीत त्यांनी बराच विचार करून, डोस मुद्दाम थोडा कमी धरून सुरुवात केली.

कमी करण्याचा वेग सावकाश. २०२५ मध्ये अमेरिकेत अनेक वैद्यकीय संघटनांनी मिळून जे मार्गदर्शन काढलं त्यात सुरुवातीला दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के कपात सुचवली आहे, आणि दोन आठवड्यांत २५ टक्क्यांच्या वर जाऊ नये असं म्हटलंय. मावशींची पायरी एका मिलिग्रॅमची ठरली. दहाचे नऊ, नवाचे आठ, आठाचे सात. श्रावण, भाद्रपद ठीक गेले. झोप तुटक होती, पण होती. वजनही दोन-अडीच किलो उतरलं, भुकेने नव्हे तर जेवण वेळेवर आल्याने.

नवरात्र

मावशींचं कुलदैवत तुळजाभवानी. घरात घट बसतात आणि त्या नऊ दिवस धान्य खात नाहीत. सासूबाईंपासून चालत आलेलं. उपवास करू नका असं मी कधी म्हणत नाही. म्हटलं तरी कुणी ऐकत नाही, आणि ऐकावं असंही मला वाटत नाही. गोळी चुकवू नका, एवढं सांगितलं होतं आणि त्यांनी ती खरोखर चुकवली नाही.

नऊ दिवस छान गेले. जरा जास्तच छान. त्या दिवसा पेंगत होत्या, एकदा आरतीला उठताना तोल गेला. "लई शांत वाटायलं ताई, देवीनंच सांभाळलं," असं फोनवर म्हणाल्या. दसऱ्याला ठरल्याप्रमाणे सातचे सहा मिलिग्रॅम झाले. पुरणपोळी, तूप, कटाची आमटी, सगळं रीतीप्रमाणे. आणि कोजागरीच्या आसपास पुन्हा सुरू झालं. हात कापणं, रात्रभर जाग, कानाला आवाज टोचणं. साखर मोजली, ११२. म्हणजे या वेळी साखरेचा दोष नव्हता.

मुलाचा निष्कर्ष तयार होता. नऊ दिवसांत चरबी जळाली, साठलेलं औषध रक्तात आलं म्हणून आई गुंगीत होती, आणि आता ते विष बाहेर पडतंय. ऐकायला पटतं. मी त्याच्यासमोर वहीवर हिशेब मांडला, तो इथेही मांडते.

रोज १० मिलिग्रॅम डायझेपाम घेणाऱ्या आणि ते निम्म्यावर यायला तीन दिवस लागणाऱ्या माणसाच्या अंगात, रोजचं येणं-जाणं सारखं झालं की, सुमारे ४३ मिलिग्रॅम औषध असतं. सोयीसाठी ते सगळंच्या सगळं चरबीत आहे असं धरू. मावशींच्या अंगात चरबी ३२ किलोच्या आसपास. नऊ दिवसांत त्यातली एक किलो जळाली असं मानलं (वजनकाट्यावर उतरतं त्यातलं बरंचसं पाणी असतं), तर सुटलेलं औषध भरतं सुमारे १.३ मिलिग्रॅम. त्याचं शरीरात तयार होणारं सक्रिय रूप धरून दुप्पट करा. तेवढ्याच नऊ दिवसांत तोंडाने गेलेलं औषध, रोज ७ प्रमाणे, ६३ मिलिग्रॅम. हिशेब मुद्दाम चरबीच्या बाजूने झुकवूनही तिचा वाटा चार टक्क्यांच्या आसपासच राहिला. एवढ्याने कुणी पेंगत नाही.

मग काय झालं? मी मावशींना नऊ दिवस घड्याळाप्रमाणे सांगायला लावले. सकाळी उठून काय, गोळी कशाबरोबर, चहा किती, रात्री किती वाजता काय. यात अर्धी दुपार गेली आणि प्रकरण उलगडलं.

एरवी त्या सकाळची गोळी नाश्त्यानंतर आणि रात्रीची जेवणानंतर घेत. नवरात्रात सकाळची गोळी बिनदुधाच्या चहाबरोबर, रिकाम्या पोटी. संध्याकाळी पाचला एकदाच भगर किंवा फळं, आणि रात्रीची गोळी दहाला नुसत्या पाण्याबरोबर. आता डायझेपामच्या माहितीपत्रकात काय म्हटलंय ते पाहा. रिकाम्या पोटी घेतलेली गोळी सव्वा तासात रक्तात शिखर गाठते. मध्यम स्निग्ध जेवणाबरोबर घेतली तर अडीच तास लागतात, शिखर २० टक्क्यांनी खाली राहतं आणि रक्तात पोहोचणारं एकूण औषध सरासरी २७ टक्क्यांनी कमी होतं. काहींमध्ये १५, काहींमध्ये थेट ५०.

डॉक्टर दोन-तीन आठवडे थांबून, जपून, एका मिलिग्रॅमची पायरी उतरतात, आणि ताटातला बदल त्याच्या दुप्पट फरक पाडू शकतो. नवरात्रात तीच गोळी जास्त चढली. दसऱ्यापासून तूपपोळीच्या भरल्या पोटी ती कमी चढायला लागली, आणि त्याच दिवशी डोसही घटला. कागदावर पायरी सातवरून सहाची होती. मावशींच्या रक्ताला ती त्याहून बरीच खोल वाटली असणार.

आणखी एक गोष्ट निघाली. उपवासात जळजळ होते म्हणून त्यांनी गावातून पित्ताच्या कॅप्सूल आणल्या होत्या आणि नऊ दिवस रोज एक घेतली. पट्टी मागवून पाहिली तर ओमेप्राझोल. यकृतात डायझेपाम मोडण्याचं काम ज्या विकरांकडे (एन्झाइम्सकडे) असतं त्यातलं एक ओमेप्राझोल अडवतं, त्यामुळे डायझेपाम अंगात जास्त रेंगाळतं. दसऱ्याला उपवास संपला, जळजळ थांबली, कॅप्सूलही थांबली. म्हणजे नऊ दिवस औषध वर ढकलणाऱ्या दोन गोष्टी होत्या, आणि त्या दोन्ही नेमक्या डोस कमी करण्याच्या दिवशी सुटल्या. डायझेपाम हळू उतरतं, म्हणून त्रास दुसऱ्या दिवशी न दिसता चार-पाच दिवसांनी, कोजागरीला दिसला.

उपवासाचा चरबीशी एक बारीक धागा आहे, तोही सांगायला हवा. डायझेपामचा सुमारे ९८ टक्के हिस्सा रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेला असतो आणि काम करतो तो उरलेला मोकळा हिस्सा. उपाशी असताना शरीर चरबी मोडतं, रक्तात मोकळी मेदाम्लं वाढतात आणि तीही त्याच अल्ब्युमिनवर जागा मागतात. जेवणाच्या वेळांप्रमाणे डायझेपामचा मोकळा हिस्सा दिवसभरात वरखाली होतो, हे मोजलेलं आहे. पण मोकळं झालेलं औषध लगेच शरीरात पसरतं आणि यकृताकडेही जातं, त्यामुळे हा परिणाम टिकत नाही. मुलाच्या अंदाजात सत्याचा जो अंश होता तो एवढाच, आणि तो मी त्याला मोकळेपणाने दिला.

एकाच रुग्णावरून, तेही रक्तातली पातळी न मोजता, यातल्या कुठल्या कारणाचा वाटा किती हे सिद्ध होत नाही. कोजागरीचं जागरण होतं, नऊ दिवसांची अपुरी झोप होती. आणि चहा होता.

चहाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तो कुणी मोजत नाही. आपल्याकडे उपवासाला चहा चालतो, म्हणून तो दिवसभर चालतो. मावशींचे कप मोजायला लावले तर आठ-नऊ निघाले, शेवटचा आरतीनंतर रात्री. चहातलं कॅफिन निम्म्यावर यायला पाच-सहा तास लागतात. गोळी कमी होत असलेल्या माणसाला कॅफिनमुळे होणारी धडधड, हाताची कापरं आणि उडालेली झोप ही हुबेहूब गोळीच्या त्रासासारखी वाटते. मग घरचे घाबरतात आणि गोळी वाढवून मागतात. पहिल्यांदा चहा खाली आणावा, तोही एकदम नाही, नाहीतर डोकं धरतं. मावशींचा आम्ही आठवड्याला एक-एक कप कमी केला. दुपारी तीननंतर चहा नाही, हा नियम मात्र पहिल्या दिवसापासून.

काय बदललं

डॉक्टरांनी डोस वाढवला नाही. सहा मिलिग्रॅमवरच थांबले, दिवाळीपर्यंत. पित्तासाठी डायझेपामला न अडवणारी दुसरी गोळी दिली, तीही लागेल तेव्हाच.

माझ्याकडून एकच मोठी गोष्ट ठरली : गोळी कायम एकाच पद्धतीने. रिकाम्या पोटी की भरल्या, यातलं काय निवडावं यापेक्षा निवडलेलं न बदलणं मोलाचं. मावशींना जेवणानंतर सोयीचं होतं, तेच ठेवलं. सकाळी आठला चुरमुऱ्यांचा सुशीला, धपाटे किंवा दशमी-दही, मग गोळी. रात्री आठला एक ज्वारीची भाकरी, वाटीभर तुरीचं वरण, एक पालेभाजी आणि एक चमचा तूप, मग गोळी. तूप एकच चमचा, पण रोज. आज तीन चमचे आणि उद्या शून्य असं नको. लग्नातल्या जेवणाचा दिवस असेल तर आधी घरी नेहमीचं थोडं खाऊन गोळी घ्यायची, मग मांडवात जायचं. घरात शेंगदाण्याचं तेल वापरावं, सोयाबीनचं की करडईचं, असं मुलाने विचारलं. लातूरच्या बाजारात सोयाबीनचं राज्य आहे, करडई मराठवाड्याची जुनी ओळख. गोळीच्या दृष्टीने यात काही फरक पडत नाही. एकूण तेल किती, ते वजनासाठी पाहायचं.

पुढच्या उपवासांसाठी वेगळं पान लिहून दिलं. एकादशी असो, मार्गशीर्षातला गुरुवार असो की महाशिवरात्र, गोळीच्या दोन्ही वेळा आठला. सकाळी राजगिऱ्याची छोटी भाकरी आणि दही, रात्री भगर आणि शेंगदाण्याची आमटी. उपवास मोडत नाही आणि गोळीला रोजच्यासारखं पोट मिळतं. नुसता साबुदाणा मी टाळायला सांगते. त्यात बहुतेक पिष्टच, साखर चढते आणि मग उतरते, आणि त्या उतारावर थरथर आली की पुन्हा सगळे गोळीकडे बोट दाखवतात. डोस कमी करायची तारीख सणाच्या आधी किंवा नंतरच्या आठवड्यात पडणार नाही, हे डॉक्टरांनी कॅलेंडर समोर ठेवून ठरवलं.

फळांबद्दल मावशींच्या बहिणीने शंका काढली, कारण तिचं सासर जालन्याकडचं आणि घरी मोसंबीची बाग. आंबट फळं या गोळ्यांबरोबर चालत नाहीत असं तिने ऐकलं होतं. ती गोष्ट ग्रेपफ्रूटची आहे, आणि त्याच्याच जवळच्या पपनसाची. त्यांतली काही द्रव्यं आतड्यातल्या विकराला अडवतात. जालन्याची मोसंबी त्यात येत नाही. सालासकट नव्हे, फोडी करून खा, रस काढू नका, एवढंच मी सांगितलं, ते साखरेसाठी. त्यापेक्षा मला भीती वाटते ती नायट्याच्या गोळ्यांची. उन्हाळ्यात आपल्याकडे गजकर्ण, नायटा घरोघरी असतो आणि इट्राकोनाझोल सर्रास दिलं जातं. अल्प्राझोलामबरोबर ते वर्ज्य आहे, कारण ते अल्प्राझोलाम मोडूच देत नाही. त्वचेच्या डॉक्टरकडे गेलात तरी झोपेची गोळी चालू आहे हे आधी सांगा, असं आता प्रत्येक रुग्णाला बजावते.

थरथर आली की काय करायचं याचा क्रमही मावशींना पाठ करून दिला. आधी साखर मोजायची. ७० च्या खाली असेल तर गूळ किंवा साखर, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. साखर नीट असेल तर शेवटचं कधी खाल्लं, चहा किती झाला, काल झोप किती झाली ते पाहायचं. तरी राहिली तर फोन. भ्रम, न थांबणारी उलटी, फिट यांत काहीच मोजत बसायचं नाही, थेट दवाखाना. रात्री-बेरात्री नुसतं घाबरायला झालं आणि बोलायला कुणी हवं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोबाईलमध्ये घालून दिला.

मावशींनी तो क्रम मला परत म्हणून दाखवला आणि विचारलं, "ताई, म्हणजे चरबी कमी नाही करायची का मग?" करायची. मधुमेहासाठी, यकृतासाठी, गुडघ्यांसाठी. महिन्याला एक ते दीड किलोच्या बेताने, जेवण न चुकवता. गोळी सुटावी म्हणून वजन उतरवायची घाई नको आणि वजन उतरतंय म्हणून गोळीची घाई नको. वजन बरंच उतरल्यावर औषध शरीरातून थोडं लवकर निघू लागतं, म्हणून दर पाच किलोंमागे डॉक्टर पायऱ्यांमधलं अंतर पुन्हा तपासतात.

दिवाळीनंतर सहाचे पाच झाले, संक्रांतीच्या पुढे पाचाचे चार. शिवरात्रीला मावशींनी पानावर लिहिल्याप्रमाणे केलं आणि त्या दिवसांत ना पेंग आली, ना नंतर थरथर. वजन ७५. चारच्या खाली एक मिलिग्रॅम म्हणजे चौथा हिस्सा होतो, म्हणून तिथून पुढे अर्ध्या मिलिग्रॅमच्या पायऱ्या आहेत, प्रत्येकीला किमान चार आठवडे. येत्या नवरात्रात त्या दीडच्या आसपास असतील आणि त्या महिन्यात डोसला हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी आत्ताच फाईलवर लिहून ठेवलंय. मुलगा दर रविवारी पुण्याहून फोन करून आईने सकाळी गोळीआधी काय खाल्लं ते विचारतो आणि वहीत लिहितो. ती वही तपासणीला येताना सोबत आणायची असते.